बदली मामा

मंगल कार्यालयात ऐन वेळी काय कमी पडतं असं विचारलं, तर लोक म्हणतात पाणी, बर्फ, नाहीतर जिलबी. पाणी कमी पडायचंच, कारण भाईंदरचा टँकरवाला मुहूर्त बघून येत नाही. पण पाण्याची सोय करता येते, बर्फाचीही करता येते. भाईंदर पश्चिमेला एका कार्यालयाची व्यवस्था मी दहा-अकरा वर्षं पाहिली. त्या अनुभवावरून सांगते, ऐन वेळी कमी पडतो तो मामा.

लग्नाला फक्त जेवणाच्या वेळेवर पोचणाऱ्यांसाठी थोडं स्पष्ट करते. अंतरपाट धरला की गुरुजी हाक देतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मग मामा मुलीला खोलीतून आणतो, पाटावर उभी करतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. एवढंच काम. पण त्या वेळी आमच्याकडे लग्नं असायची ती गिरगाव-परळची खोली विकून मीरा रोड-भाईंदरला ब्लॉक घेतलेल्या लोकांची. त्यांचे मामा चिपळूणला, माणगावला. मामांची गाडी घोडबंदरजवळ ट्रकांच्या मागे अडकलेली असायची. नाहीतर मामा आलेला असायचा, पण पत्रिकेत आपलं नाव आत्याच्या यजमानांच्या खाली छापलं म्हणून गेटबाहेर पान खात उभा असायचा. मुहूर्त कोणासाठी थांबत नाही, आणि संध्याकाळी हॉल दुसऱ्या पार्टीला दिलेला असतो.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अडीअडचणीचं सामान असे. जानवी, काळ्या मण्यांची पोत, जोडवी, सेफ्टी पिना, दोन टोप्या. मामा खणात मावत नव्हता. तो कोठीत असायचा. त्याचं नाव विश्राम.

कोठी म्हणजे भांड्यांची खोली. टोप, परात, झारे, ताटं, सगळं आचाऱ्याला मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं. विश्राम त्या कोठीचा माणूस. तिशीचा, किडकिडीत, भांग अगदी सरळ. मला ताई म्हणायचा. निदान काही तास म्हणायचा.

पहिल्यांदा त्याला मामा केला तो असाच घाईत. रोह्याचे मामा गेटवर रुसलेले, गुरुजींनी दोनदा हाक दिलेली, मुलीची आई माझ्याकडे बघतेय. समोरून विश्राम रिकामा टोप घेऊन चालला होता. मी टोप उतरवून घेतला आणि त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली.

"मुलीला खोलीतून आणून पाटावर उभी कर. पाच मिनिटांचं काम आहे."

"मामा म्हणून?"

"मामा म्हणून."

त्याने नळावर जाऊन हातपाय धुतले. मुहूर्ताची निम्मी वेळ त्यातच गेली. मग त्याने मुलीला आणलं. भरलेल्या पेल्यांचा ट्रे आणावा तसं जपून आणलं. मंगलाष्टकांत तो असा रडला की व्हिडिओवाल्याने नवरदेवाला सोडून कॅमेरा त्याच्यावर धरला.

इथपर्यंत ठीक होतं. जेवणाच्या वेळी मी त्याला म्हटलं, टोपी दे. त्याने दिली नाही. तो नवरदेवाच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. ते बँकेतले, गोरेगावचे.

"आमच्या पोरीला विहिरीवरनं पाणी भरायला लावणार काय?"

"आमच्याकडे नळ आहे."

"नळाला पाणी येतं काय?"

विहीणबाई म्हणाल्या, सकाळी एक तास येतं. विश्राम म्हणाला, मग त्या एका तासात कोण उठणार? वरपक्षात यावर खरोखरची चर्चा सुरू झाली. तेवढ्यात, आपल्या जागी कोणी परका रडून गेला हे कळल्यामुळे रोह्याचे मामा आत आले.

"हा कोण?"

"मी मुलीचा मामा," विश्राम म्हणाला.

"मग मी कोण?"

"तुम्ही गेटवर होतात."

शेवटी शाल-नारळ दोघांना द्यावा लागला. ते रोह्याचे मामा पुढे कुठल्याही लग्नात रुसले नाहीत, असं त्या घरच्यांनी मला नंतर सांगितलं.

ही गोष्ट पसरली. लोक हॉल बघायला आले की पार्किंग, पंखे विचारून झाल्यावर हळूच विचारायचे, तुमच्याकडे मामा मिळतो म्हणे. आमचे शेठ गुजराती. ते खूश झाले. म्हणाले, "बेन, गादीचा चार्ज लावतो, मामाचा का नाही?" मी चार्ज लावू दिला नाही, पण मामा देत राहिले. सोयीचं होतं. कोणाची सोय होतेय आणि कोणाला काय होतंय, हे वेगवेगळं लिहून ठेवायची सवय मला तेव्हा नव्हती.

विश्रामबरोबर काम करणं कसं होतं ते सांगते. सकाळी मी लक्ष्मी. माझ्यासारखी बाई जगात नाही, असं तो आचाऱ्यांना ऐकवायचा. अकराच्या सुमारास मी चहा घेताना त्याला हाक मारायची विसरले की दुपारपर्यंत मी पूतना. मग किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर आपटून तो राजीनामा द्यायचा. सुरुवातीला मी समजूत घालत बसायचे. त्यात वरणाला फोडणी द्यायची राहायची. मग मी नियम केला, राजीनामा पंगत उठल्यावर घेतला जाईल. पंगत उठेपर्यंत तो विसरायचा, किंवा मी पुन्हा लक्ष्मी झालेली असायचे. आचारी आपसात विचारून घ्यायचे, आज ताई देवी आहेत का राक्षसीण, आणि त्याप्रमाणे कोठीतून सामान मागायचे.

आणि तो प्यायचा. हे मला उशिरा कळलं, कारण बाटली कुठेच सापडत नव्हती. सापडली ती एका लग्नात दारावर. करवल्या पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होत्या, आणि वरपक्षातले एक माळकरी आजोबा जागच्या जागी थांबले. त्यांनी बाही हुंगली. पुन्हा हुंगली. "पोरी, हे गुलाबाचं न्हवं," ते म्हणाले. चांदीच्या मुलाम्याच्या आमच्या चारही गुलाबदाण्यांत देशी भरलेली होती. तो ती कोठीत झाकून ठेवायचा आणि येता-जाता एकेक तोंडात शिंपडायचा. आजोबांनी नळाखाली बसून अंघोळ केली. बाकीचे पाहुणे मात्र पुन्हा पुन्हा दारातून आत येत होते.

शेठ म्हणाले काढून टाका. मी म्हटलं, कोठीचा हिशोब त्याच्याइतका कोणाचा चोख नाही. ते खरं होतं, पण कारण तेवढंच नव्हतं. त्याच्या डाव्या मनगटावर आडव्या रेघा होत्या. कोठीत पत्र्याचे डबे असतात, लागतं, असं मी समजत होते. एव्हाना तसं समजत नव्हते. याला काढलं तर तो कुठे जाऊन काय करेल, हे मला सांगता येत नव्हतं.

मग एके दिवशी जवळच्या मुर्धे गावाहून एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. त्यांच्या सुनेचं लग्न आमच्याकडे झालं होतं आणि विश्राम तिथे मामा होता. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. आत एक साडी होती आणि वाळवलेल्या आंबोशीचा डबा.

"बाय, तुमचा ह्यो मामा परत घ्या."

"म्हणजे?"

"दर सनाला येतंय. सुनंला ईचारतंय, सुखी हायस का. आमचे सुनंला खरं मामा तीन हायत. ह्यो चवथा आमाला न्हाय पायजे."

त्यानंतर चौकशी केली. विश्राम ज्या ज्या मुलीचा मामा झाला होता, तिच्याकडे तो जात होता. दिवाळीला, संक्रांतीला, बारशाला. शेठ म्हणाले, "टोप भाड्याने दिला तर परत येतो. तुमचा मामा परत येतच नाय."

मी विश्रामला समोर बसवलं आणि सांगितलं, आता जायचं नाही. त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्याच दिवशी तो पालीला गेला. तिथल्या एका मुलीचं लग्न त्याच्या हातून झालेलं होतं; तिच्याकडे तो पहिल्यांदाच जात होता. तिने दार उघडलं आणि विचारलं, आपण कोण? ती खोटं बोलत नव्हती. लग्नाच्या गडबडीत कोणी आपल्याला कोपराला धरून चालवलं, हे कुठल्या मुलीच्या लक्षात राहतं?

पुढच्या सकाळी मी कार्यालयात पोचले तेव्हा कोठीला आतून कडी होती. बारा वाजताचा मुहूर्त, आचारी चुली पेटवून बसलेले, आणि सगळी भांडी आत. सोबत विश्राम, बाटल्या आणि, आचाऱ्याने खिडकीतून पाहिलं होतं, ब्लेड.

"दरवाजा तोडू?" शेठ म्हणाले.

मी नको म्हटलं. दार तुटेपर्यंत आत काय होईल याची खात्री नव्हती. कोठीला मोरीच्या बाजूने एक खिडकी होती, उभ्या गजांची. मी तिथे स्टूल घेऊन बसले.

"विश्राम, जेवलास काय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला झारे पाहिजेत."

मग गजांमधून एक झारा बाहेर आला, दांडा आधी. मग दुसरा. माणूस जगावर रुसला होता, पण कोठीवर नव्हता. मी मागेन ते तो देत होता. ताटं उभी करून निघाली. पेले निघाले, वाट्या निघाल्या, छोट्या तपेल्या तिरक्या करून निघाल्या. टोप मात्र गजांतून निघेना, परातही निघेना. तेव्हा जे निघतं त्यात जे होईल ते करायचं ठरलं. मसालेभात तपेल्या-तपेल्यांत शिजला. वरणाला भांडंच उरलं नाही, म्हणून ते बाहेरच्या चहावाल्याच्या किटल्यांमध्ये भरून पंगतीत वाढलं. वरपक्षाला ती नवीन पद्धत वाटली, आणि पुढे दोन पार्ट्यांनी आगाऊ सांगितलं की आम्हाला पण वरण किटलीतून पाहिजे.

गुरुजी येऊन खिडकीशी वाकले. "विश्राम, बाहेर ये. आजचा दिवस चांगला आहे, गुरुबळ आहे." गुरुजी मला म्हणाले, "त्याची पत्रिका बघायला हवी." मी म्हटलं, तुम्ही अंतरपाटाचं बघा.

ते गेल्यावर आतून आवाज आला. "तुम्ही पण जाणार ना आता? मुहूर्त आहे."

"नाही जात."

"आलोच म्हणून जातात सगळे."

"कोण गेलं?"

मग त्याने सांगितलं. सपाट आवाजात, मोजमाप सांगावं तसं. आई गेल्यावर त्याला मामाने नेलं. मामा मारायचा, गोठ्यात बांधून ठेवायचा. एक दिवस नवा शर्ट घालून त्याला तालुक्याच्या एसटी स्टँडवर आणलं, बाकावर बसवलं आणि सांगितलं, बस इथे, पेढे घेऊन येतो. विश्राम तेव्हा आठेक वर्षांचा असावा.

"मला वाटलं, दुकानात गर्दी असेल. दुसऱ्या दिवशी पण तसंच वाटलं."

कंडक्टर लोकांनी त्याला काही दिवस वडापाव देऊन जगवलं. तिथून तो मुंबईच्या हॉटेलांत आला, बशा विसळायला.

"मारायचा त्याचं काय नाय, ताई. मारणारा माणूस घरात तरी असतो."

तेवढ्यात एक वाढपी धावत आला, वरमाईला हाताची खुर्ची पाहिजे. मी उठणार होते. उठले नाही. "शोध तू," मी त्याला म्हटलं. आतून विश्राम म्हणाला, "स्टेजच्या मागे आहे. लाल. एक पाय हलतो, खाली पत्रा घाल." मग बर्फाचं विचारायला कोणी आलं, मग मेणबत्त्यांचं. काही मी सांगितलं, काही त्याने. ते लग्न आम्ही दोघांनी असं चालवलं, मी मोरीवरून आणि तो गजांमागून. बाहेर कोणाला कळलंही नाही.

पाठवणीचा बँड वाजायला लागला. एरवी याच वेळेला तो सगळ्यांत जास्त प्यायचा. बँड लांब गेला.

"गेली?"

"गेली."

"तुम्ही?"

"माझी कंबर गेली. मी इथेच आहे."

थोड्या वेळाने कडी काढल्याचा आवाज झाला. दारात उभा राहून तो म्हणाला, "भांडी आत घ्यायचीत. खिडकीतनं घेतली तर रात होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. मनोविकार विभागातल्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. त्या त्याच्याशी पुष्कळ वेळ बोलल्या आणि मग मला बोलावलं. दारू हे व्यसन आहे, त्यासाठी आधी दाखल करू, असं म्हणाल्या. त्याच्या खाली दुसरा आजार आहे, त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. लहानपणी ज्याला असं टाकून दिलेलं असतं, त्याला प्रत्येक माणूस आता जाणार असंच वाटत राहतं. मग तो एक तर घट्ट धरतो, नाहीतर आधी आपणच तोडतो.

मी विचारलं, यावर इंजेक्शन?

"नाही."

"मग बरा कधी होईल?"

"तुमच्या मते बरा म्हणजे कसा?"

मी विचार करून सांगितलं, "राजीनामा आठवड्यातून एकदा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तेवढं जमेल. पण वेळ लागेल. आणि तुम्ही सांगाल तेच करा, करणार नसाल ते सांगू नका.

ही भाषा मला समजत होती. मी दर गुरुवारी येईन असं सांगितलं आणि दर गुरुवारी गेले. गुरुवारी तो मला भेटायला नकार द्यायचा. मी बाकावर बसून परत यायचे. एकदा पोचायला उशीर झाला तर वॉर्डबॉय म्हणाला, "मॅडम, क्या आप भी. सुबह से दस बार पूछा, आयी क्या."

तो परत आला तेव्हा मी पुन्हा नियम केले. पहिला, विश्राम यापुढे कोणाचाही मामा होणार नाही. यावर त्याने राजीनामा दिला. मामा नसेल तर मुलीला आई घेऊन येईल, असंही मी ठरवलं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात असं नाही. मी म्हटलं, शास्त्रात टँकरही नाही, गुरुजी, पण तुम्ही त्याच पाण्याने संकल्प सोडता. दुसरा नियम पाठवणीचा. बँड वाजायला लागला की आम्ही दोघं कोठीत बसून झारे मोजायचे, दार लावून, मोठ्याने. तेच झारे, तीच मोजणी. एखाद्या सुज्ञ वधूपित्याने आत डोकावून पाहिलं असेल तर व्यवस्थापक बाईंबद्दल त्याचं मत काय झालं असेल सांगता येत नाही. लोक पोरीला निरोप देताना रडत असायचे आणि आतून आमचा आकड्यांचा गजर चाललेला.

सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. मधे दोनदा तो घसरला, पुन्हा वॉर्डात गेला. एकदा मी त्याला ओरडले तर महिनाभर तो माझ्याशी आचाऱ्यामार्फत बोलत होता, मी समोर असताना. "तिला सांग, परात पोचली." पण गुलाबदाण्यांत गुलाबपाणीच राहिलं. ते मी रोज हुंगून बघायचे, आणि तो मला बघू द्यायचा.

मग शेठनी जागा बिल्डरला दिली. भाईंदरमध्ये तेव्हा जिथे जिथे मोकळं आकाश दिसेल तिथे इमारत उभी राहत होती. कार्यालय पाडायचं ठरलं. मी डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, आत्ताच सांगा, तारीख सांगा, आणि येत राहीन असं, खरंच येणार असाल तरच म्हणा. मी नाशिकला मुलीकडे जाणार होते. म्हणून तसं म्हटलं नाही.

तारीख ऐकून विश्रामने किल्ल्या आपटल्या. मग चहा आणून दिला. मग म्हणाला, तुम्ही पहिल्यापासून तसल्याच. मग एक आठवडा रोज राजीनामा. पण पिऊन आला नाही. रोज सकाळी मी त्याच्याकडे बघायचे ते तेवढ्याचसाठी. शेवटी एक दिवस येऊन त्याने सांगितलं की घोडबंदरला एका केटररच्या कोठीवर त्याला काम मिळालंय. त्याचं त्यानेच बघितलं होतं.

शेवटच्या दिवशी भांडी विकून झाली होती. कोठीत फक्त भिंतीवर टोपांचे गोल डाग होते. मी मनाशी ठरवलं होतं की आधी त्याला जाऊ द्यायचं. मी गेटवर उभी राहीन, तो जाईल, म्हणजे मागे राहायची पाळी त्याच्यावर येणार नाही. तसं त्याला सांगितलं.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही आधी जा."

"का रे?"

"मला उभं राहून बघायचंय."

"काय बघायचंय?"

"जमतं का ते."

मला ते धोक्याचं वाटलं, पण नाही म्हणायला कारण नव्हतं. रिक्षा बोलावली. बॅग त्यानेच आत ठेवली. मी बसले, तो दोन पावलं मागे सरकून ताठ उभा राहिला, हात बाजूला, जसा मंगलाष्टकांत उभा राहायचा तसा. मी म्हटलं, येते. लगेच दुरुस्त करून म्हटलं, जाते. निरोपाला आलेले गुजराती शेठसुद्धा दचकले, कारण जाते असं आपल्यात कोणी म्हणत नाही.

रिक्षावाल्याने दांडा ओढला. रिक्षा खोकली आणि बंद पडली. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. मी खाली उतरले. आम्ही तिघं रिक्षाकडे बघत उभे राहिलो. काय बोलणार, निरोप घेऊन झाला होता. रिक्षावाल्याने प्लग काढला, पुसला, लावला. मी पुन्हा बसले, विश्राम पुन्हा मागे सरकून ताठ झाला, मी पुन्हा जाते म्हटलं. रिक्षा ढिम्म. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. घामाने भिजला होता. मला वाटलं, आता हा मोडेल, आता सांगावं की राहू दे, उद्या जाते.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "उतरू नका सारख्या."

मी बसले. तो रिक्षाच्या मागे गेला. रिक्षा हलली, खड्ड्यात अडली, त्याने खांदा लावला. मागच्या काचेतून मला फक्त त्याचा भांग दिसत होता. चपला घासल्याचा आवाज येत होता. बाजाराच्या उताराला लागलो तसा इंजिनाने धक्का दिला, काळा धूर निघाला आणि रिक्षा चालू झाली.

मला राहवलं नाही. मी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं, जरा रोको.

मागून विश्रामचा आवाज आला, धापा टाकत, पण स्पष्ट.

"रोकना मत, भैया. फिर बंद पडेगी. जाने दो ताई को."